बंधुमंडळाची वही

आम्ही मौद्याची दहा माणसे गोवा पाहायला गेलो. जुन्या गोव्यात 'से' नावाचे मोठे चर्च आहे. त्याचे बांधकाम १५६२ साली सुरू झाले. पूर्वी त्याला घंटेचे दोन मनोरे होते. १७७६ साली एक कोसळला. आता एकच उभा आहे.

आत दोन्ही अंगांना लहान लहान प्रार्थनागृहे आहेत. त्यांना तिकडे 'कोपेल' म्हणतात. तिथे एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ भेटले.

मावशींनी विचारले, "काय जी काका, या कोपेलांची देखभाल कोण करते?"

काका म्हणाले, "आमच्याकडे चर्चची बंधुमंडळे असतात. 'कोन्फ्रारिया' म्हणतात त्यांना. मंडळ वेदीची काळजी घेते, सण साजरा करते. सणाला सभासद अंगावर लाल झूल घेतात. सभासद वारला तर सारे प्रेतयात्रेला जातात."

"म्हणजे आमच्या भजनी मंडळासारखेच की!"

"होय. असेच एक मोठे मंडळ १४९८ साली पोर्तुगालात, लिस्बन शहरी निघाले. नाव 'मिझेरिकॉर्दिया', म्हणजे दया. पुढे पोर्तुगीजांनी ते गोव्यातही काढले. आजाऱ्यांची सेवा, कैद्यांना अन्न, गरिबांच्या प्रेताला माती, ही त्याची कामे."

मावशींनी पुन्हा विचारले, "मंडळात कोणालाही घेत होते का जी?"

काका जरा थांबले. मग म्हणाले, "खोटे कशाला बोलू? पुष्कळ मंडळांत जात पाहून घेत. एका जातीचे एक मंडळ, दुसऱ्या जातीचे दुसरे. काहींना तर कुठेच जागा नसे. नाव बंधुमंडळ, पण दारात जात उभी!"

"आणि हिशेब?"

"हिशेबाची वही असे. नियमही लिहिलेले असत. पण ज्याला वाचता येई, त्यालाच ते कळत."

मावशी गप्प झाल्या. त्या गेल्या वर्षीच वाचायला शिकल्या होत्या.

आम्ही मौद्याला परत आलो. भजनी मंडळाची बैठक भरली. मावशी म्हणाल्या, "वही इकडे द्या." त्यांनी बोट ठेवून एकेक नाव वाचले. जमाखर्च वाचला. शेवटी वही मिटून विचारले, "खालच्या वस्तीतले एकही नाव यात कसे नाही?"

कोणी बोलेना. मग चिटणिसांनी लेखणी पुढे केली. म्हणाले, "मावशी, नावे सांगा."

"सांगत नाही," मावशी म्हणाल्या. "द्या इकडे. मीच लिहिते."

प्रश्न
१. बंधुमंडळे कोणती कामे करत?
२. त्यांच्यात काय उणे होते?
३. तुमच्या मंडळाची वही तुम्ही वाचली आहे का?