पाठ : सिसिलीची संत्र्याची कोशिंबीर

मुलांनो, इटलीच्या सिसिली बेटावर हिवाळ्यात ही कोशिंबीर करतात. एटना ज्वालामुखीच्या परिसरात आतून लाल असणारी संत्री होतात. थंड रात्रींमुळे हा रंग चढतो.

कृती : ३ संत्री सोला. पांढरा पापुद्रा कडू लागतो, तो पूर्ण काढा. गोल चकत्या करा (सुरी आईबाबांच्या हाती!). अर्धा कांदा पातळ चिरा. काळी ऑलिव्ह, मीठ, मिरपूड आणि २ चमचे ऑलिव्ह तेल घाला. साखर नको.

शब्दओळख : संस्कृत 'नारंग' फारसी, अरबी वाटेने इटलीत पोचला. तिथे पहिला 'न' गळून 'आरांचा' झाला. आपल्याकडे तोच 'नारिंगी'!

गृहपाठ : संत्री सोलली, कांदा चिरला, तेल घातले. क्रियापद का बदलले? आजीला पत्राने कळवा.