चढ चढणारी पिकअप स्लोवर बंद का पडते?

प्रश्न : माझी डिझेल पिकअप वीस वर्षं जुनी आहे. जुन्नर तालुक्यातून टोमॅटो भरून नारायणगावच्या मार्केटला नेतो. भरलेली गाडी चढ व्यवस्थित चढते, पण एक्सलेटरवरून पाय काढून उभी केली की इंजिन थरथरतं, आवाज वर-खाली होतो आणि बंद पडतं. सकाळी सेल्फही बराच वेळ मारावा लागतो. एक मेकॅनिक म्हणतो स्लो वाढवू, दुसरा म्हणतो पंप उतरवू. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : सध्या दोन्ही कामं थांबवा. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. भरलेली गाडी चढ चढते, म्हणजे डिझेल जास्त लागतं तेव्हा ते इंजिनापर्यंत पोचतं. फिल्टर चोंदला असता तर गाडी आधी चढावर दमली असती. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, ही दुसरी खूण. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की पहिला संशय डिझेलच्या लायनीत शिरणाऱ्या हवेवर घ्यावा.

एवढीशी हवा इंजिन बंद कशी पाडते? डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टनने दाबून तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतं आणि डिझेल पेट घेतं. नोझल उघडायला साधारण २०० बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. डिझेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून पंपाने दिलेला दाब नोझलपर्यंत पोचतो. बुडबुडा मात्र आकसतो आणि तो दाब स्वतःच खाऊन टाकतो. नोझल उघडतच नाही.

स्लोवर हे जास्त जाणवतं. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात दर सेकंदाला २५ फवारे उडतात आणि एका फवाऱ्यातलं डिझेल मोहरीच्या चार-पाच दाण्यांएवढं असतं. एवढ्याशा मापात बुडबुडा आला की फवारा चुकतो. वेगात असताना फिरतं फ्लायव्हील ही चूक निभावून नेतं. स्लोवर त्याच्यात तेवढा जोर नसतो. गव्हर्नर इंजिन सावरायला डिझेल वाढवतो, मग कमी करतो. तुम्हाला ऐकू येणारा वर-खाली आवाज तोच. मेकॅनिक त्याला हंटिंग म्हणतात.

‘पण कुठेच गळत नाही,’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. इथेच बहुतेकांची फसगत होते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे त्या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथल्या बारीक फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा दिसतो आणि दोष नेमका तिथेच असतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, लायनीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं.

आता तपासणी. फिल्टर आणि नोझलला डिझेल देणारा मुख्य पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप बसवा आणि इंजिन स्लोवर ठेवून पाहा. बुडबुडे सतत येत असतील तर हवेचा संशय पक्का झाला.

मग हवा शिरते कुठे ते शोधा. फीड पंपाला टाकीकडून येणारा पाइप काढा आणि नव्या पाइपाने स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून डिझेल द्या. कॅन पंपाच्या पातळीच्या खालीच ठेवा. वर ठेवलात तर डिझेल आपोआप उतरेल आणि दोष झाकला जाईल. इंजिन आता सुरळीत चाललं तर दोष टाकी ते फीड पंप या भागात आहे : चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप किंवा चासीला घासून गंजलेली नळी. बुडबुडे तरीही आले तर फीड पंपाच्या हँड प्रायमरचं सील, फिल्टरचं गॅस्केट आणि होलो बोल्टचे तांब्याचे वायसर पाहा. वायसर नवेच टाका. शेवटी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून, बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत हँड पंप मारा.

बुडबुडे अजिबात नसतील तर स्टॉप केबलचा लिव्हर पूर्ण मागे येतो का ते पाहा. त्यानंतर नोझलचा क्रम. नोझलची सुई आणि तिच्या घरातली फट काही मायक्रॉनचीच असते, त्यामुळे डिझेलमधलं पाणी आणि कचरा तिला लवकर बिघडवतात. फिल्टरच्या तळाचं पाणी नियमित सोडत जा. नोझल आणि पंप कॅलिब्रेशनच्या मशिनवरच तपासून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पंप ते नोझल या लोखंडी नळ्यांचे नट चालू इंजिनावर स्वतः सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. असं झालं तर जखम किती बारीक आहे हे बघत न बसता लगेच हॉस्पिटल गाठा. आणि सगळ्या नोझलांच्या नळ्या एकाच जाड नळीतून निघत असतील तर तुमची गाडी कॉमन रेलची आहे. तिच्यातला दाब याच्या कित्येक पट असतो. तिला ही घरगुती तपासणी लागू नाही.

स्लोचा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो आधी फिरवला तर लक्षण झाकलं जातं, हवा शिरतच राहते आणि एक दिवस इंजिन उतारावर बंद पडतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनाच्या जोरावर तयार होतो. इंजिन बंद झालं की शिल्लक व्हॅक्यूम ब्रेक दोन-चारदा दाबण्यापुरताच उरतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. माल भरलेली गाडी तेव्हा थांबवणं किती कठीण, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून या आठवड्यातच मेकॅनिकला सांगा : आधी पारदर्शक पाइप, मग कॅन, मग वायसर. पंपाला हात त्यानंतर.