मशीन चालू, बॅकअप बंद

स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकला की प्रोग्राम आपोआप सुरू होतो, अशी बहुतेकांची समजूत असते. होतो, पण कुणीतरी पासवर्ड टाकून आत गेल्यावर. मी ज्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो त्यांत एक घाऊक औषधविक्रेते आहेत. त्यांच्या सर्व्हरवर बॅकअपचा प्रोग्राम आधीच्या माणसाने असाच बसवून ठेवला होता. एका रात्री लाइट गेली, पहाटे आली, मशीन स्वतःहून उठलं आणि पासवर्डच्या पडद्यावर अडून बसलं. कोपऱ्यातल्या त्या मशीनकडे कोण बघतो? बिलं तर धडाधड निघत होती, कारण डेटाबेस सर्व्हिस म्हणून चालतो, त्याला लॉगिन लागत नाही. पुढे हार्डडिस्क गेली तेव्हा कळलं की शेवटचा बॅकअप लाइट गेली त्या दिवसाचा. मधली बिलं दोन पोरं कार्बन कॉपी बघून पुन्हा भरत बसली होती.

नव्या डिस्कवर बॅकअपचीही सर्व्हिस करायची ठरली. 'एससी क्रिएट' या कमांडने नोंद केली, स्टार्ट दाबलं, तर एरर १०५३. सर्व्हिस सुरू झाली की तिने विंडोजला ठरावीक वेळात, साधारण ३० सेकंदांत, 'मी आले' असं कळवावं लागतं. साध्या ईएक्सईला ही रीतच ठाऊक नसते. एनएसएसएम किंवा विनएसडब्ल्यू ही छोटी फुकट साधनं त्याच्या वतीने हजेरी लावतात.

एवढ्यावर भागलं नाही. सर्व्हिस 'रनिंग' दिसत होती, पण बॅकअप ज्यावर जायचा त्या नेटवर्कवरच्या झेड ड्राइव्हवर एकही फाइल नाही. ड्राइव्हची अक्षरं ज्या त्या लॉगिनपुरती असतात. सर्व्हिस ज्या लोकल सिस्टिम खात्यावर चालत होती, त्याला आपलं झेड दिसतच नाही. म्हणून दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्यावा आणि सर्व्हिससाठी मोजक्या अधिकारांचं वेगळं खातं उघडावं. त्या खात्याचा पासवर्ड बदलला की सर्व्हिसच्या लॉग ऑन टॅबमध्येही बदलायचा. हे हमखास विसरलं जातं. फाइलींचे पत्तेही पूर्ण लिहा. सर्व्हिसचं चालू फोल्डर सहसा सिस्टिम३२ असतं, त्यामुळे अर्धवट पत्त्यावरची फाइल ती भलतीकडेच शोधते.

सगळ्यात छळलं ते एका खिडकीने. व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन शून्यात, आपल्या पडद्यापासून अलग चालतात. प्रोग्रामने 'जुनी फाइल बदलू का?' असा प्रश्न टाकला आणि कुणालाही न दिसणाऱ्या त्या खिडकीत 'हो'ची वाट बघत बसला. स्टेटस मात्र 'रनिंग'! तेव्हापासून प्रश्न विचारणारा प्रोग्राम मी सर्व्हिस करत नाही. आधी त्याचे सगळे प्रश्न सेटिंगमध्ये मिटवायचे आणि लॉग फाइल चालू करायची. रिकव्हरी टॅबमध्ये 'रीस्टार्ट द सर्व्हिस' लावावंच, पण अडकून बसलेला प्रोग्राम त्याने उठत नाही. बंद पडलेलाच उठतो.

रात्री एकदाच धावायचं काम असेल तर सर्व्हिसचा घाट घालू नये, टास्क शेड्युलर पुरे. तिथे 'युजर लॉग ऑन असो वा नसो' हा पर्याय निवडायचा. लॅपटॉप असेल तर 'फक्त विजेवर असताना'ची खूण काढायची, आणि सतत चालणाऱ्या कामाला तीन दिवसांनी थांबवणारी मर्यादाही.

काम सोपवण्याआधी मशीन रीस्टार्ट करा. शट डाउन करून चालू करणं पुरत नाही, कारण विंडोज ८ पासूनच्या फास्ट स्टार्टअपमुळे ते खरं बंद होतच नाही. मग लॉगिन न करता चहा घेऊन या आणि दुसऱ्या मशीनवरून बॅकअपच्या फाइलची तारीख आणि वेळ बघा. ताजी असेल तरच बिल हातात द्या.