जामिनाची सही आणि बँकेचा नकार

बँकेने पर्सनल लोनचा अर्ज नाकारला की बहुतेक माणसं दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या बँकेत अर्ज टाकतात. गरज गळ्याशी आलेली असते, थांबायला कोणाला वेळ असतो? पण सर्वांत जास्त नुकसान याच घाईत होतं. प्रत्येक अर्जामागे ती बँक तुमचा पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात बसते. थोड्याच दिवसांत अशा चार नोंदी जमल्या की पाचव्या बँकेला तुमची अडचण दिसत नाही, फक्त तुमची धावपळ दिसते. त्यात तुमचा स्कोअरही खाली येतो. लालबाग-परळच्या माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हे घडताना मी पाहिलं आहे. म्हणून माझ्या अर्जाचं काय झालं ते सविस्तर सांगते.

आमची चाळ लालबागची, पागडीची. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर. पुनर्विकास ठरला आणि खोल्या खाली करायची वेळ आली. बिल्डर दरमहा भाडं देणार होता, पण नव्या जागेचं डिपॉझिट, दलाली, सामान हलवणं हे सगळं आधी आमच्या खिशातून जाणार होतं. डोंबिवली-विरारला गेलो असतो तर स्वस्तात भागलं असतं. पण मुलीची बारावी होती आणि सासूबाईंचे उपचार परळलाच चालू होते. काळाचौकीला जागा मिळाली. चार लाखांची सोय करायची होती. मी पालिकेच्या एका रुग्णालयात लिपिक आहे, ज्या बँकेत कर्जाचा अर्ज केला तिथेच पगार दरमहा जमा होतो आणि माझा एकही चेक कधी परत गेलेला नाही. तरी मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला: अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही.

शाखेबाहेर भेटलेला एक एजंट म्हणाला, "ताई, फाइल माझ्याकडे द्या, एकदम पाच ठिकाणी लावतो, कुठेतरी होईलच." मी फाइल दिली नाही. आमच्या युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की नकाराचं कारण लेखी मागायचं. तसा नियमही आहे. रिझर्व्ह बँकेने 2003 साली कर्जदात्यांसाठी आचारसंहिता दिली, तेव्हा दोन लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी नकाराचं मुख्य कारण लेखी कळवायला सांगितलं होतं. मार्च 2007 मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली. तेव्हापासून कर्ज कितीही असो, क्रेडिट कार्डचा अर्ज असला तरी, कारण लेखी मिळायला हवं. काउंटरवर "सिस्टिमने रिजेक्ट केलं" एवढंच उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा त्या कर्मचाऱ्यालाही त्यापलीकडे माहिती नसते. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, शाखा व्यवस्थापकांच्या नावे दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते आलं. त्यात दोन कारणं होती: चालू हप्त्यांचा बोजा जास्त, आणि मी जामीनदार असलेल्या एका खात्यात थकबाकी.

दुसरं कारण वाचून मी सुन्न झाले. आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्यांसाठी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, एका सहकारी बँकेत मी जामीनदार म्हणून सही केली होती. ते आजारी पडले, बिनपगारी रजेवर गेले आणि त्यांचे हप्ते थांबले. मला कोणी कळवलं नाही. बँकेने नाही, आणि संकोचाने वहिनींनीही नाही. करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या 128 व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. कर्जदाराकडून मिळालं नाही तर मग जामीनदाराकडे, अशी पायरी कायद्यात नाही. आणि ते कर्ज कर्जदाराच्या अहवालात दिसतं तसं जामीनदाराच्या अहवालातही दिसतं.

असं झालं की आजूबाजूचे लोक लगेच सांगतात, कोणालाही जामीन राहू नका. मला हा सल्ला मान्य नाही. गिरणगावातल्या माणसाला बँकेचं दार मुळात एकमेकांच्या जामिनावरच उघडलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांकडे तारण ठेवायला काही नसायचं. किराणा उधारीवर आणि दागिना गहाण, असं त्यांचं चालायचं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगार बंद झाले, तेव्हा कितीतरी घरं शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या शब्दावर तगली. भाऊंसाठी मी सही केली ती याच रीतीने, आणि तिचा मला आजही पस्तावा नाही. बदललं आहे ते एवढंच, की आता ही सही नोंदली जाते, तिचा हिशेब नियमित मांडला जातो, आणि तो हिशेब माणसाचं आजारपण वाचत नाही. म्हणून जामीन राहा, पण खात्यावर लक्ष ठेवा. सही करताना कर्जाच्या कागदांची प्रत मागून घ्या, हप्त्याची तारीख लिहून ठेवा आणि बँकेला लेखी कळवा की हप्ता चुकला तर मलाही कळवावं.

आपला पतअहवाल ज्या कंपन्या ठेवतात त्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांना पाया 2005 च्या कायद्याचा आहे. सिबिलचा पत्ता तर वर्षानुवर्षं आमच्या अगदी जवळचा, सेनापती बापट मार्गावरचा, ज्युपिटर मिलच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधला. या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे आणि 2017 पासून तो लागू आहे. आपला अहवाल आपण पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. हे ठळक सांगते, कारण या भीतीने लोक तो पाहतच नाहीत.

स्कोअर 300 ते 900 मधला असतो आणि साधारण 750 च्या वर चांगला धरतात. पण नुसता आकडा पाहून अहवाल मिटू नका. प्रत्येक खात्यापुढे ते तुमच्या एकट्याचं आहे, संयुक्त आहे की जामीनदार म्हणून आहे ते लिहिलेलं असतं. त्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात आणि हप्त्याला किती दिवस उशीर झाला ते त्यांत दिसतं. सिबिलच्या अहवालात हे 36 महिन्यांपर्यंतचं असतं. शून्य असेल तर हप्ता वेळेवर गेला. खात्याची स्थितीही वाचा. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलेलं. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली, आणि पुढचा कर्जदाता याला वाईट खूण मानतो. क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्यांचा फोन येतो की अर्धे भरा आणि मोकळे व्हा. पैसे जमवता येत असतील तर पूर्ण भरा, आणि 'नो ड्यूज' दाखला हातात पडेपर्यंत पाठ सोडू नका. बिनव्याजी हप्त्यांवर घेतलेला फ्रिज किंवा मोबाइल हेही कर्जच असतं. त्याचा चुकलेला छोटासा हप्तासुद्धा या चौकोनांत येऊन बसतो.

आता पहिलं कारण, हप्त्यांचा बोजा. पालिका, बेस्ट, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे कर्मचाऱ्यांच्या पतसोसायटीचं कर्ज पगारातून कापलं जातं. ते कधीच चुकत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की आपली पत उत्तम आहे. पण आमची सोसायटी सिबिलला माहिती पाठवत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांच्या चोख फेडीचा एक गुणही माझ्या खात्यात जमा झाला नव्हता. उलट तीच कपात पे-स्लिपवर ठळक दिसते आणि बँक ती बोजा म्हणून धरते. मला हा अन्याय वाटतो आणि पगारदारांच्या सोसायट्यांनी तो मांडायला हवा. तोवर गणित आपणच करून जावं.

बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून पगाराच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांत बसतात का ते पाहतात. समजा पगार 50,000, सोसायटीचा हप्ता 12,000 आणि आणखी एक हप्ता 5,000. निम्म्याचा नियम धरला तर नव्या हप्त्यासाठी 8,000 उरतात. चार लाख, 13 टक्के व्याज, चार वर्षं म्हटलं तर हप्ता 10,700 च्या पुढे जातो, म्हणजे नकार ठरलेला. तेच तीन लाख पाच वर्षांसाठी मागितले तर हप्ता 7,000 च्या आत येतो. मुदत लांबली की दर लाखामागे व्याज जास्त जातं हे खरं, पण अर्ज बसतो. माझ्या अर्जात हेच आडवं आलं होतं, आणि पाच मिनिटांच्या हिशेबाने ते आधी कळलं असतं.

काही नकारांचा तुमच्याशी थेट संबंधही नसतो. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवरचा जोखीमभार 100 वरून 125 टक्के केला. अशी कर्जं देणं बँकांना महाग पडू लागलं आणि त्यांनी हात आखडता घेतला.

आमच्या भागात पत्त्याची आणि नावाची अडचण फार येते. चाळ पाडली, माणूस संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेला, आधारवर जुना पत्ता, वीजबिल मालकाच्या नावावर. पडताळणीला आलेला माणूस पाडलेल्या चाळीच्या पत्र्यांसमोर उभा राहतो आणि 'राहत नाही' असा शेरा मारून जातो. अर्जाआधी आधारचा पत्ता बदला, नोंदणीकृत भाडेकरार आणि बिल्डरशी झालेला करार सोबत जोडा. बायकांचं आणखी वेगळं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पगारपत्रकात मधलं नाव वडिलांचं. यातून एकाच बाईचे दोन अहवाल तयार होऊ शकतात किंवा सारख्या नावाच्या दुसरीचं कर्ज आपल्या माथी लागू शकतं. अर्ज करण्याआधी पॅन, आधार आणि बँकेतलं नाव एक करून घ्या.

घरात कोणाची पहिलीच नोकरी असेल आणि स्कोअरऐवजी 'उणे एक' दिसत असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ इतिहास नाही एवढाच. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय अर्थराज्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि केवळ इतिहास नाही म्हणून अर्ज फेटाळू नये असं बँकांना सांगितलेलं आहे.

भाऊंच्या खात्याचं काय केलं ते सांगते. मी वहिनींना घेऊन त्या बँकेत गेले. थकलेले हप्ते भाऊंच्या भविष्यनिर्वाह निधीतून भरले आणि उरलेल्या रकमेचा हप्ता त्यांना झेपेल इतका करून घेतला. पैसे भरूनही माझ्या अहवालात थकबाकी तशीच दिसत राहिली. तेव्हा भरल्याच्या पावत्या जोडून मी सिबिलकडे ऑनलाइन तक्रार केली आणि तिची प्रत बँकेला दिली. दोन्हीकडे लिहावं लागतं, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. मी पत्रात या नियमाचा उल्लेख केला आणि नोंद मुदतीत दुरुस्त झाली. झाली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. तिथे तक्रारीला शुल्क नाही. नंतर मी तीन लाखांचाच अर्ज केला आणि तो मंजूर झाला. उरलेल्या लाखासाठी थोडं सोनं गहाण ठेवलं.

नकार मिळालेल्या माणसाच्या मागे एजंट लागतात. 'सिबिल खराब? तरीही कर्ज' अशी पत्रकं लोकलच्या डब्यात चिकटवलेली असतात. कर्ज मंजूर करून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. पैसे घेऊन खरी थकबाकी पुसून देणं कोणाच्याही हातात नाही. आणि फोनमधले नंबर किंवा फोटो पाहण्याची परवानगी मागणारं कर्जाचं ॲप ताबडतोब काढून टाका. अशी परवानगी मागायला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी 2022 पासून मनाई आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी कोणासाठी जामीनदार म्हणून सही केली आहे, मग ती भावासाठी असो, मित्रासाठी असो की कचेरीतल्या सोबत्यासाठी, त्यांनी याच महिन्यात आपला अहवाल काढून ते खातं पाहावं. हप्ता थकलेला दिसला तर त्या माणसाच्या घरी जावं. बहुतेक वेळा तिथे आजारपण असतं, किंवा गेलेली नोकरी.