त्या थप्प्या आधी उचल

जळकोट

चि. बाळू,

काल लातूरहून आलेला आपल्या गल्लीतला एकजण सांगत होता, तुझ्या दुकानात पुस्तकांच्या थप्प्या जमिनीवर, भिंतीला टेकवून आहेत. ऐन आषाढात? मला रात्री झोप लागली नाही. त्या भिंतीला ओल येते, हे जागा घेतानाच बोललो होतो.

खाली वीतभर उंचीवर फळ्या टाक, रॅक भिंतीपासून चार बोटं सुटे ठेव. पुस्तकं उभी लाव, पण गिऱ्हाइकाला पाठीच्या टोकाला बोट घालून ओढावं लागेल इतकी दाटून नको. आणि तो चिकटपट्टीचा नाद सोड बाबा! ती पिवळी पडते, सुटते, तिचा डाग मात्र कागदात कायमचा उतरतो. फाटल्या पानाला पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरे. पण खळ म्हणजे कसरीचं खाद्य, म्हणून बाइंडर पुठ्ठ्याच्या खळीत मोरचूद घालतात.

दादांची पत्र्याची पेटी आठव. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून झाली. मराठी पुस्तक ते सोलापूरहून मागवायचे. 1948 साली ते राज्य गेलं, त्यानंतरही ती पेटी दर उन्हाळ्यात ओसरीवर उघडायची. पुस्तकांना वारा द्यायचा, ऊन नाही. उन्हानं कागद पिवळा पडतो, शाई उडते. मग कडुलिंबाचा वाळलेला पाला बदलायचा. त्यांच्या हातकागदाच्या पोथीचं पान अजून मऊ आहे. तुझ्याकडची बरीचशी पुस्तकं लाकडाच्या लगद्याच्या कागदाची. त्यातल्या तुरटीचं आम्ल कागदाला आतून खातं, कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो. ती आधीच थकलेली आहेत रे. त्यांना ओल सोसणार नाही.

मलाही पुण्याला अप्पा बळवंत चौकात एखाद्या जुन्या पुस्तकवाल्याच्या हाताखाली राहायचं होतं. शेत कोण बघणार, म्हणून राहून गेलं. त्याची हुरहूर अजून जात नाही. तू दुकान टाकलंस त्या दिवशी घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता, बोललो नाही इतकंच.

रागावलो ते मनाला लावून घेऊ नकोस. फळ्यांचे पैसे मी देतो, सुतारालाही इथून धाडतो. तुझी आई म्हणते, दुपारचं जेवण तू टाळतोस. तसं करू नकोस, वेळेवर जेवत जा. अंगानं आधीच वाळला आहेस. सुतार येईपर्यंत थप्प्या निदान बाकावर तरी घे, आणि घेतल्यास की मला फोन कर.

तुझा काका