तीन खोरी, दोन चाकं: मावळातली सायकल-भटकंती

मावळात सायकल न्यायची असेल तर आधी लोणावळा डोक्यातून काढून टाका. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर आणि चिक्कीच्या दुकानांसमोर मोटारींच्या रांगा लागतात. सायकलवाल्याला तिथे ना रस्ता मिळतो ना मोकळी हवा. सायकलवाल्याचं मावळ त्या गर्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे आणि इथली माणसं ते खोऱ्यांवरून ओळखतात. आंद्रा नदीचं आंदर मावळ, नाणे गावावरून नाणे मावळ आणि पवनेचं पवन मावळ. तिन्हींची ठेवण सारखीच: पश्चिमेला सह्याद्रीची धार, पूर्वेला मोकळं तोंड, मधोमध नदी आणि नदीच्या अंगाने जाणारा रस्ता. गडावर चढणाऱ्याला डोंगर कळतो. खोरं कळायला मात्र सायकलच लागते, कारण प्रत्येक मीटरचा चढ मांड्यांना मोजावा लागतो.

फ्रान्समध्ये सायकलवाले कालव्यांच्या काठाने हिंडतात. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा मिदी कालवा पिएर-पॉल रिके याने १६६६ साली खोदायला घेतला आणि १६८१ मध्ये तो वाहता झाला. लांबी २४० किलोमीटर. बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने जी वाट ठेवली होती, तिच्यावर आज सायकली चालतात. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. आपल्याकडे बोटींचे कालवे नाहीत, पण हिशोब तोच आहे. पुणे स्टेशनची उंची सुमारे ५६० मीटर, लोणावळ्याची सुमारे ६२०. साठेक किलोमीटरच्या वाटेत जेमतेम साठ मीटरची चढण! लादलेल्या बैलांचे तांडे दोन हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यातून घाटाकडे गेले ते उगीच नव्हे, आणि कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्याच वाटेच्या दोन्ही बाजूंना कोरली गेली तीही उगीच नव्हेत. सायकलवरून ही गोष्ट पुस्तकापेक्षा लवकर पटते.

सुरुवात तळेगाव किंवा कामशेतहून करावी. पुणे–लोणावळा लोकल दोन्हीकडे थांबते. सायकल लोकलमधून न्यायची तर नियम आणि वेळ स्टेशनवर आदल्या दिवशीच विचारून घ्या. गर्दीच्या वेळी तो विचारही नको. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे जोडरस्ता म्हणून जुना मुंबई–पुणे महामार्गच वापरावा लागतो. तिथे ट्रकांची वर्दळ असते. सकाळी सातच्या आत तो टप्पा संपवा, डाव्या कडेची पांढरी रेघ सोडू नका आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पवन मावळच सुचवतो. कामशेतहून पवनानगरचा रस्ता धरला की थोड्याच वेळात द्रुतगती मार्ग ओलांडून चढ लागतो. चढ लांब नाही, पण पाय गरम व्हायच्या आत येतो म्हणून जड वाटतो. हलका गिअर आधीच टाका, चढावर बदलायला गेलात तर साखळी उतरते. खिंड ओलांडली की समोर पवनेचं खोरं उघडतं आणि उजव्या हाताच्या डोंगरात बेडशाची लेणी आहेत.

बेडसे सकाळीच बघायचं. लेण्यांचं तोंड पूर्वेला आहे, आठ-नऊच्या सुमारास ऊन थेट चैत्याच्या दारात येतं. सायकल पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणात विचारून लावावी. पुढे सुमारे चारशे पायऱ्या आहेत. तळव्याखाली पेडलला अडकणारे सायकलचे बूट घालत असाल तर पिशवीत साधी चप्पल हवीच, त्या बुटांनी दगडी पायऱ्या उतरणं धोक्याचं. वर गेल्यावर चैत्य एकदम दिसत नाही. पुढचा कातळ तसाच ठेवला आहे, त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरावं लागतं आणि मग ते उंच खांब अंगावर येतात. खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. शेजारचा विहार मागच्या बाजूने चैत्यासारखा गोलाकार कोरलेला आहे. असा विहार क्वचितच बघायला मिळतो. कार्ल्याच्या मानाने इथे माणूस फार कमी येतो. मला विचाराल तर मावळातल्या लेण्यांत पहिला मान बेडशाचा.

तिथून पवनानगर, मग तिकोना पेठ. पवना धरणाच्या तलावाच्या काठाने जाताना एका बाजूला तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड-विसापूर अशी मांडणी दिसत राहते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. काठावर आता तंबूंची गर्दी झाली आहे, शनिवारच्या रात्री कर्णे वाजतात. त्यामुळे रविवारपेक्षा शनिवारची सकाळ बरी. धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठ उथळ दिसतो आणि पुढच्या पावलाला तळ सुटतो, इथे दर वर्षी माणसं बुडतात.

परतीला त्याच खिंडीतून न येता पवनानगर–बेबडओहोळ–सोमाटणे फाटा हा रस्ता धरा. उतार आहे असं डोळ्यांना वाटत नाही, पण चाकांना कळतं. धरणातलं पाणी पवनेच्या पात्रातूनच खाली सोडतात आणि पिंपरी-चिंचवडसाठी ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. म्हणजे इथे नदीच कालव्याचं काम करते आणि तुम्ही त्या पाण्याच्या सोबतीने चाललेले असता. हे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौरजवळ द्रुतगती मार्गावर त्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. सकाळी कामशेतहून निघताना तुम्ही बौरच्या जवळूनच गेलेले असता. तलावाचे फोटो काढताना एवढं ठाऊक असावं. कामशेत ते सोमाटणे फाटा हा सगळा फेरा साधारण चाळीस किलोमीटरचा. तिकोना पेठेला जाऊन आलात तर आणखी दहाएक धरा.

दुसरी खेप आंदर मावळाची. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकपर्यंत कारखान्यांच्या बस आणि टेंपो असतात. टाकवे सोडलं की रस्ता एकदम निवांत होतो. भातखाचरं, मग ठोकरवाडी तलाव आणि मग थेट सह्याद्रीच्या धारेजवळचं खांडी गाव. त्याच्या पुढे कुसूर घाटाची जुनी वाट कोकणात उतरते. ती पायी उतरायची, सायकल घेऊन नव्हे.

ठोकरवाडीच्या काठावर थोडा वेळ उतरावं. आंद्रा ही पूर्ववाहिनी. तिचं पाणी इंद्रायणीत, इंद्रायणीचं भीमेत, भीमेचं कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटांनी हे धरण बांधून पाण्याचं तोंडच फिरवलं. पाणी पश्चिमेला कड्याखाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडलं आणि १९२२ मध्ये तिथे वीज तयार होऊ लागली. तिथून ते उल्हास नदीत जातं. बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्राला मिळालं! लोणावळ्याच्या वळवणचं पाणी खोपोलीला सोडून वीज करण्याचं काम त्याआधी, १९१५ मध्ये सुरू झालं होतं. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर चालल्या. फ्रान्सच्या कालव्याइतकाच हा मोठा उद्योग, फक्त त्याचा मुख्य भाग कड्याच्या पोटात नळांमधून गेल्यामुळे सायकलवाल्याला त्याच्या काठाने जाता येत नाही.

या खोऱ्यात मोबाइलला धड रेंज नसते आणि टाकव्याच्या पुढे सायकलचं दुकान नाही. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, साखळीचा जोड आणि तो बसवायचं हत्यार, एवढं सोबत हवंच. एकदा मी एकच ट्यूब घेऊन गेलो होतो. तलावाच्या पलीकडे दुसऱ्यांदा काटा लागला आणि टाकव्यापर्यंत सायकल हातात धरून चाललो. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे असले तर खडी आणि खड्डे दोन्ही निभावतात. अगदी बारीक टायर इथे नको. कुत्री मागे लागली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत राहा, त्यांची हद्द संपली की ती परत जातात.

नाणे मावळ लहान आहे. कामशेतहून नाणे, गोवित्री करत जांभवलीच्या कोंडेश्वरापर्यंत जावं, देवळाच्या गार सावलीत बसावं आणि परत यावं. ढाक बहिरीची अवघड वाट इथूनच पुढे निघते, पण त्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नका. दमलेल्या पायांनी तो कडा चढायचा नसतो.

वाऱ्याचं गणित मात्र तिन्ही खोऱ्यांत लागू पडतं. उन्हाळ्याकडे दिवस सरकले की दुपारी समुद्राकडचा वारा घाटमाथ्यावरून खोऱ्यांत शिरतो. म्हणून सकाळी शांत हवेत पश्चिमेला जायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परतायचं. पावसाळ्यात लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेव्हा घाटमाथ्याजवळचे रस्ते टाळून वडगाव-तळेगावच्या बाजूलाच राहावं. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडतो, त्यावर ब्रेक दाबला की चाक सरकलंच. इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघे दगावले. पुरात पूल, साकव किंवा फरशी ओलांडून वाट वाचवू नका.

सगळ्यांत चांगले दिवस दिवाळीच्या आसपासचे. भाताची कापणी आणि झोडणी चाललेली असते आणि सगळ्या खोऱ्याला नव्या भाताचा वास येतो. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्याच भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलं. ते तिथल्या चुलीवर शिजलेलंच खावं. जाताना एखाद्या घरगुती खाणावळीत पिठलं-भाकरी आणि भात सांगून ठेवायचा, येताना जेवायचं. ऐन वेळी दारात जाऊन उभं राहिलं तर त्या माउलीची धावपळ होते.

आता जुन्या महामार्गावरचा फेरा: तळेगाव, वडगाव, कार्ले, भाजे. रस्ता गजबजलेला, तरी एकदा हा करावाच. रघुनाथरावांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज बोरघाट चढून याच वाटेने आली. बरोबर बैलच एकोणीस हजार असल्याचं सांगतात. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, तोच आपला इष्टुर फाकडा. फौज ९ जानेवारीला तळेगावात पोहोचली तर गाव रिकामं आणि दाणागोटा जाळलेला. अवजड तोफा तिथल्या तळ्यात टाकून ती रात्री माघारी फिरली आणि वडगावला मराठ्यांनी तिला गाठलं. १६ जानेवारीला तिथेच तह झाला. फाकड्याचं थडगं आणि महादजी शिंद्यांचं स्मारक दोन्ही वडगावातच आहेत. तळेगाव ते कार्ले हे अंतर तुम्ही दीड-दोन तासांत कापता. त्याच सपाट खोऱ्यात एवढं लटांबर घेऊन फौज कशी अडकली असेल, ते कामशेतच्या पुढे ट्रक अंगावरून जाऊ लागले की थोडं उमगतं.

कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, चैत्र यात्रेत तर तिकडे फिरकूच नये. पण चैत्यगृहाला तोड नाही. १२४ फूट लांब, छताला अजून लाकडी कमानी आणि खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, दारासाठी दान देणारा अत्तर विकणारा गंधी आहे, सुतारही आहे. ज्यांची रोजी या वाटेवर चालली, त्यांनीच हे कोरवून घेतलं.

भाजे दुपारनंतर बघावं, कारण त्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि कलत्या उन्हात दर्शनी कमान उजळते. शेवटच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र बघायचे राहू देऊ नका. तिथूनच लोहगडाचा रस्ता वर जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. चढ मात्र जबर आहे आणि उतारावर ब्रेक तापतात. त्याला वेगळा दिवस द्या आणि सायकल खालीच ठेवा.

मळवली स्टेशन भाजे गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. तिथे थांबणाऱ्या लोकल थोड्या, वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा. गाडी चुकलीच तर घाबरायचं कारण नाही. तळेगावपर्यंत रस्ता सपाट आहे आणि एव्हाना वारा तुमच्या पाठीशी असतो.