ताबा कोणाचा, हे आधी पाहावे

अण्णा नगर, चेन्नई



मालकीच्या दस्तावर ज्याचे नाव नाही, त्याचा हक्कही घर विकत घेणाऱ्याला बांधू शकतो. हा नियम इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाने घडवला. विक्रीचा करार झाला की न्यायबुद्धीने जमीन घेणाऱ्याची झाली, असे ते न्यायालय मानी. मालकाने ती दुसऱ्याला विकलीच, तर पूर्ण मोबदला देऊन, प्रामाणिकपणे आणि आधीच्या हक्काची माहिती नसताना घेणाराच मोकळा सुटे. 1848 च्या टल्क विरुद्ध मॉक्सहे खटल्यात लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग मोकळी ठेवण्याची अट नंतरच्या खरेदीदारावरही बंधनकारक ठरली, कारण घेताना ती त्याला ठाऊक होती. 1925 च्या कायद्यांनी तिथले असे बरेच हक्क नोंदवहीत आणले.

भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 प्रमाणे नुसत्या विक्रीकराराने जमिनीत हितसंबंध निर्माण होत नाही. पण कलम 40 म्हणते की करारातून आलेले बंधन, ते ठाऊक असताना जमीन घेणाऱ्यावर किंवा मोबदला न देता घेणाऱ्यावर बजावता येते. लाला दुर्गा प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1953 साली त्याची रीतही घालून दिली: नंतरच्या खरेदीदाराने मूळ मालकासोबत पहिल्या करारदाराच्या नावे खरेदीखत करून द्यायचे. नोंदलेले खत हाती असून घर जाते, ते असे.

सगळे अडते ते माहितीपाशी. कलम 3 नुसार घरात प्रत्यक्ष ताबा असलेल्याचा जो काही हक्क असेल, तो खरेदीदाराला ठाऊक होताच असे धरले जाते. अण्णा नगरात याचे महत्त्व फार आहे. गृहनिर्माण मंडळाच्या या वसाहतीतली इथल्या मापाने एक-दोन ग्राउंडांच्या भूखंडांवरची जुनी घरे आता बिल्डरांकडे जात आहेत, आणि वरच्या मजल्यावर अनेकदा वर्षानुवर्षांचा भाडेकरू असतो. खरेदीदार बोजा दाखला, म्हणजे इथला ‘व्हिल्लंगम’, काढतो. तो कोरा निघतो. खालच्या मजल्यावर मालकाशी बोलणी होतात आणि जिना कोणी चढत नाही. त्या भाडेकरूने मालकाशी विक्रीकरार करून अ‍ॅडव्हान्स दिलेला असू शकतो. ‘तो भाडेकरूच आहे’ हे गृहीत धरणे न्यायालयात टिकत नाही. आर. के. मोहम्मद उबैदुल्ला खटल्यात (2000) चौकशी न करता घेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण नाकारले. म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्यापूर्वी ताब्यातल्या प्रत्येकाला थेट विचारावे, आणि भाड्यापलीकडे आपला हक्क नाही असे त्याच्याकडून लेखी घ्यावे. एवढ्या कामाला एक संध्याकाळ पुरते, आणि ती वाचवण्यात काडीचे शहाणपण नाही.

कोऱ्या दाखल्यावर विसंबू नये, कारण त्यात नोंदलेलेच दिसते. तमिळनाडूत 1 डिसेंबर 2012 पासून विक्रीकराराची नोंदणी सक्तीची आहे. तरीही न नोंदलेला करार पूर्ततेच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्याच आर. हेमलता विरुद्ध कस्तुरी खटल्यात 2023 साली सांगितले.

चालू दाव्याचे प्रकरण याहून कडक आहे. त्याच 1882 च्या अधिनियमाच्या कलम 52 खाली मालमत्तेवर दावा चालू असताना ती घेणारा दाव्याच्या निकालाने बांधला जातो. माहिती नव्हती, ही सबब तिथे चालतच नाही. मुंबईत 1939 च्या दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस नोंदवावी लागते. तमिळनाडूत तशी तरतूद नाही, तेव्हा मुंबईच्या सवयीने केवळ नोंदणी कार्यालयात शोध घेऊन थांबलेले मराठी कुटुंब इथे फसू शकते. दिवाणी न्यायालयातला शोध वकिलाकडून वेगळा करून घ्यावा.

राहिले मूळ दस्त. ते सावकाराकडे ठेवून गहाण करण्याची मुभा कलम 58 ने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांना नावानिशी दिलेली आहे. त्यामुळे मालक नुसत्या प्रती दाखवत असेल, तर मूळ कागद कोणाकडे आहेत हे कळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

— मामा